समोरची जागा

फेब्रुवारीत होक्काइदोला जायचं म्हटल्यावर टोकियोतल्या तोयोसुच्या ऑफिसात सगळ्यांनी माना खाली घातल्या, तेव्हा अनघा स्वतःहून पुढे झाली. तिची कंपनी कार्यक्रमांचं थेट प्रक्षेपण करायची आणि आवाजाची बाजू अनघा सांभाळायची. ओखोत्स्क समुद्राच्या काठावर एका लहानशा गावात उत्तरेकडच्या लोकांचा संगीत महोत्सव होता. नॉर्वेहून सामी जमातीचा एक गायक आला होता. तिथल्याच आदिवासी आइनू बायका बांबूची पातळ पट्टी ओठांशी धरून वाजवणार होत्या. आणि कॅनडाच्या पार वरच्या टोकाहून दोन इनुइट बायका कंठगायनासाठी यायच्या होत्या.

आली एकटीच.

"आलासी," तिनं हात पुढे करत नाव सांगितलं. साठीची, बुटकी, रुंद खांद्यांची बाई. इंग्रजी सावकाश बोलायची, शब्द तोलून पाहिल्यासारखी.

"आणि तुमच्या जोडीदार?"

"कुपानुक. माझी मावसबहीण. नोव्हेंबरमध्ये पायाखालचा बर्फ फुटला. सापडली नाही."

 अनघा रंगमंचावरचा दुसरा माईक काढायला वळली.

"राहू दे तो," आलासी म्हणाली. "कार्यक्रमात नाव दोघींचं आहे."

मग तिनंच समजावून सांगितलं. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींची कोपरं धरून. एक घशातून खोल, घोगरा श्वास टाकते, दुसरी तिच्या दोन श्वासांमधल्या फटीत आपला श्वास घालते. गाणं कसलं, खेळच तो. जिचा दम तुटला किंवा जिला हसू फुटलं, ती हरली. ती बाजूला होते आणि मागे थांबलेली कुणीतरी तिच्या जागी येते.

"आमचा शेवटचा डाव अर्धाच राहिला," आलासी म्हणाली. "बाहेरून कुणीतरी हाक मारली म्हणून ती उठून गेली."

सभागृह अगदी किनाऱ्याला लागून होतं. काचेच्या भिंतीपलीकडे समुद्र दिसतच नव्हता, नुसते वाहून आलेल्या बर्फाचे मळकट पांढरे तुकडे. ते एकमेकांवर घासले की वरच्या मजल्यावर कुणी जड कपाट सरकवत असल्यासारखा आवाज यायचा. तालमीच्या वेळी अनघानं हेडफोन चढवले आणि तो आवाज बंद झाला. आलासीनं गायला सुरुवात केली. समोर कुणी नसताना तिनं हात कोपरात वाकवून पुढे धरले होते.

दुसऱ्या माईकचा दिवा लुकलुकायला लागला.

अनघानं आवाज वाढवला. आलासी गप्प व्हायची त्या प्रत्येक फटीत एक श्वास येत होता. ओलसर, खालच्या पट्टीतला.

सभागृहाचे तंत्रज्ञ मोरिता-सान वायर बदलून आले. मग माईक बदलला. "हीटरची हवा असेल," ते म्हणाले आणि हीटरही बंद केला. गारठा पसरला. श्वास चालूच. अनघानं तो माईकच बंद करून टाकला, तेव्हा तोच श्वास आलासीच्या माईकमधून येऊ लागला, जरा लांबून, समोर उभ्या असलेल्या माणसाचा यावा तसा.

काचेच्या भिंतीवरून आवाज परत येत असेल, असं तिनं स्वतःला बजावलं. पण प्रतिध्वनी मूळ आवाजाच्या वळणाचा असतो. हा नव्हता. एवढं तर तिला कळत होतं.

"मोरिता-सान, तुम्हालाही ऐकू येतंय ना?"

त्यांनी बराच वेळ हातातली वायर गुंडाळली. "येतंय, अनघा-सान. पण माझ्याकडे फक्त वायरी आहेत."

नंतर तिच्या एक गोष्ट लक्षात आली. सामी गायक, आइनू बायका, सगळे रंगमंचावरून ये-जा करत होते. दुसऱ्या माईकच्या मागची जागा रिकामी होती, सरळ जायची वाट तिथूनच होती. पण एकही जण तिथून जात नव्हता. बोलता बोलता, खाली न बघता, सगळे त्या जागेला वळसा घालत होते.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. बाहेर दिवस कलत आला होता आणि बर्फावर निळसर उजेड होता. सुरू व्हायच्या जरा आधी तिच्या नवऱ्याचा, सारंगचा, फोन येऊन गेला होता: "आम्ही दोघं बापलेक बघतोय बरं का. नुपूरनं शाळेतून आल्या आल्या लॅपटॉप लावलाय."

आलासी शेवटी आली. दिव्याखाली उभी राहिली, हात पुढे धरले.

दोन आवाज सुरू झाले. लोकांना वाटलं, एक आधी मुद्रित केलेला असणार. कुणाच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

डाव वेगात गेला. फटीत येणारा श्वास आता पुढे गेला होता आणि आलासी त्याच्या मागे धावत होती. अनघानं मॉनिटरवर कॅमेऱ्याचं दृश्य पाहिलं. आलासीच्या जाड कोटाच्या बाह्या कोपरापाशी दबल्या होत्या. दोन्ही बाजूंना. चार-चार बोटांचे खळगे.

आलासीचे ओठ काळपट दिसायला लागले.

ती थांबत नव्हती. की तिला थांबू देत नव्हतं कुणी?

अनघानं सगळे माईक बंद केले. काही फरक पडला नाही. आवाज सभागृहातच होता.

ती धावली.

पाठीमागून आलासीच्या खांद्यांना धरून तिनं तिला जोरानं मागे ओढलं. आलासी बाजूला कोसळली. तोल सावरताना अनघा नेमकी तिच्या जागेवर आली.

तिची कोपरं कुणीतरी धरली. थंड नव्हते ते हात. चांगले ऊबदार होते.

मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

मेकअपच्या खोलीत आलासी दोन्ही हातांत चहाचा पेला धरून बसली होती. तिचा श्वास शांत चालला होता, झोपून उठलेल्या माणसासारखा.

"मी तुला बोलावलं नव्हतं," ती म्हणाली.

"तुम्ही मेला असता!"

"हो." तिनं पेला खाली ठेवला. "मी हरले असते आणि डाव संपला असता. माझ्यामागे आता कुणीच उरलं नव्हतं." अनघाकडे न बघताच ती पुढे म्हणाली, "तू आलीस."

"म्हणजे काय?"

आलासीचे डोळे भरून आले होते. ती उठली. दार अनघाच्या समोरच होतं, पण ती तिच्या पुढून गेली नाही. खुर्च्या सरकवत, भिंतीला चिकटून, मागून गेली.

टोकियोत, एदोगावाच्या घरी सारंगनं दार उघडलं ते हसतच. "अगं, तू स्टेजवर! नुपूर तर जपानीत 'मामा दा! मामा दा!', आई आहे, आई आहे, करून नाचायला लागली. आणि गाणार होतीस ते सांगितलं का नाहीस आम्हाला?"

"मी कुठे गायले? माईकही बंद होते."

"वा! चांगलं दोन-तीन मिनिटं गात होतीस की."

अनघानं ते प्रक्षेपण पुन्हा पाहिलं नाही.

थंडी ओसरायला अजून अवकाश होता. सकाळी नुपूरला शाळेत सोडून येताना अनघाच्या तोंडातून वाफ निघायची, आणि ती विरली की समोर, वीतभर अंतरावर, अजून एक लहानसा ढग उमटायचा. वारा असेल, म्हणून तिनं मफलर नाकावर ओढला. तरी समोरची वाफ यायचीच, तिच्या वाफेच्या मागून, गुमान. सारंगला सांगितलं तर तो म्हणाला, "दमली आहेस. झोप काढ."

शुक्रवारी ओल्या कचऱ्याची पिशवी घेऊन ती खाली उतरली. शेजारच्या तानाका-सान कावळ्यांपासून कचरा झाकायची जाळी उचलून उभ्या होत्या. "आज फार थंडी आहे, नाही?" त्या हसून म्हणाल्या, पिशव्यांवर जाळी नीट पसरली आणि निघून गेल्या. जाताना त्यांनी अनघाच्या बाजूनं जरा लांबचा वळसा घेतला.

अनघानं श्वास रोखून धरला.

समोर वाफ उमटली. विरली. पुन्हा उमटली, आता जरा लवकर.

तिनं ओठ घट्ट मिटले. तरी तिची छाती आपोआप वर आली आणि त्या दोन वाफांच्या मधल्या फटीत तिचा श्वास बिनचूक जाऊन बसला.