रोवणीच्या ओळीत मी

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. हे माझ्याच घरात घडलं. बालाघाटला, गेल्या श्रावणात.

आणि रात्री नाही... भर दुपारी.

माझा नवरा वीरेंद्र चित्रं काढतो. खैरलांजीकडे धानाची रोवणी पाहून आला आणि हे मोठं चित्र काढलं. चिखलात वाकून रोपं लावणाऱ्या पाच बाया. चौघी साध्यासुध्या.

पाचवीवर मात्र जीव ओतलेला. हिरवं लुगडं, मानेवरचा घाम, पाठीचा कणासुद्धा...

माझ्या पाठीकडे या माणसाने कधी इतकं पाहिलं नव्हतं. माझा नुसता जळफळाट झाला.

"कोण होय हे?"

"मले काय माहीत? होती तिथं."

त्या रोवणीतल्या तुळसाबाई आमच्याकडे तांदूळ द्यायला येतात. त्यांना चित्र दाखवलं. त्यांनी हिरव्या लुगड्यावर बोट ठेवलं...

"हे कोण वो बाई? आमी तं चौघीच होतो."

दुसरी कुणी असती तर घाबरली असती. मला वाटलं, ही म्हातारीही त्याला सामील आहे!

"मलेही काढा," मी हट्ट धरला. "तिच्या बाजूले."

तो हसला, पण काढलं. तितके दिवस तो फक्त माझ्याकडे बघत होता. मी फार सुखात होते.

मी लांजीच्या शेतात वाढलेली. रोवणीत तान्हं पोर रडलं की त्याची आई उठते, पण तिच्या जागी दुसरी आल्यावरच. ओळ तुटू द्यायची नसते. नवी वाकली की जुनी मोकळी.

हे मला माहीत होतं. तेव्हा सुचलं नाही.

चित्र पूर्ण झालं त्या दुपारी माझा डोळा लागला. उठून ताट वाढलं.

"पुन्हा काहून वाढून राह्यली? आत्ताच तं जेवलो."

"कोणी वाढलं?"

"तूच तं! अंबाडीची भाजी. मस्त झालती."

घरात अंबाडी नव्हतीच. माझं वरण तसंच झाकलेलं होतं. पण त्याच्या बोटांना वास येत होता... अंबाडीचा.

मी चित्राकडे धावले.

हिरवं लुगडं नव्हतं.

तिच्या जागी नुसता चिखल. बाजूला मी... वाकलेली.

"तिले पुसलं तुम्ही?"

"कोणाले? चौघीच तं होत्या. अन् तू."

तेव्हापासून रोज दुपारी मला झोप येते. आवरतच नाही. जाग येते तेव्हा कंबर मोडलेली असते, पावलं पाण्याने सुरकुतलेली, नखांत चिखल...

आणि वीरेंद्र जेवून तृप्त.

काल तो लाडात आला. म्हणाला, "आजकाल दुपारी लय गोड बोलते तू."

मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही. भीती तिची नाही वाटत.

सांगितलं, आणि त्याला तीच हवी असली तर?