तिला आठवत नाही

नाखरे वकील लिफ्टमध्ये शिरले की डोंबिवलीच्या त्या सोसायटीतल्या बायका जिना धरत. बलात्काराच्या आरोपींच्या केसेस घेणारा माणूस, त्याच्याबरोबर चार मजले कोण चढणार? सुदेश नाखऱ्यांना त्याचं काही वाटत नसे. आरोपीलाही वकील लागतो, हे त्यांचं उत्तर ठरलेलं होतं आणि ते खरंही होतं. पण त्यांना खरी चटक होती उलटतपासणीची.

त्या दिवशी ठाण्याच्या कोर्टात सर्वेश साटमची केस होती. वागळे इस्टेटमध्ये त्याचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. तिथे कामाला असलेल्या मुलीने त्याच्यावर बलात्काराची फिर्याद दिली होती. सगळी केस तिच्या साक्षीवर उभी. ती कोसळली की साटम सुटला. सुनावणी बंद दाराआड होती आणि तिला आरोपी दिसू नये म्हणून मध्ये हिरवा पडदा लावला होता. सरकारी वकिलांच्या प्रश्नांना तिने न अडखळता उत्तरं दिली.

नाखरे उठले. "गोदामात उजेड होता?"

"एक ट्यूब होती. ती सारखी..." तिच्या कपाळाला आठी पडली. "नक्की नाही आठवत."

नाखऱ्यांच्या नाकात डिंकाचा वास शिरला. आंबूस, दमट पुठ्ठ्यात मुरलेला. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकी बंद होती.

"आरोपीने कोणत्या हाताने धरलं?"

"डाव्या... म्हणजे..." तिने मानेकडे नेलेला हात तसाच खाली घेतला. "नाही आठवत, सर."

नाखऱ्यांच्या कानाखाली कुणाचा तरी अंगठा रुतला. ते गर्रकन वळले. मागे नुसती भिंत होती. त्यांची ज्युनिअर कृतिका दोन खुर्च्या सोडून बसली होती.

"सर, बस झालं," ती कुजबुजली. "ती ऑलरेडी तुटलीये. आता बसा ना."

बसायला हवं होतं. पण हातात आलेला साक्षीदार सोडणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

"आरोपी तेव्हा काय म्हणाले?"

मुलीने त्यांच्याकडे कुतूहलाने पाहिलं. चेहरा अगदी निवळला होता. "कधी, सर? काय झालेलं?"

उत्तर नाखऱ्यांच्या कानात आलं. साटमच्या आवाजात, गरम श्वासासकट.

सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला आणि साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर केलं.

बाहेर व्हरांड्यात ती आईला म्हणत होती, "भूक लागलीये गं. मिसळ खाऊया?" तिच्या आईने, शालनबाईंनी, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून निरखला. मग त्या नाखऱ्यांकडे वळल्या.

"काय काढून घेतलंत हो तिच्यातनं?" त्या ओरडल्या नाहीत. "त्याला शिक्षा व्हायची होती. आता आम्ही कुणाच्या तोंडाने बोलायचं?"

नाखरे तिथून निघाले. जामिनावर असलेल्या साटमने तोवर त्यांची बॅग उचलून गाडीत ठेवलीही होती. "चला सर, डोंबिवलीला सोडतो." नको म्हणायचं होतं. ते गाडीत बसले.

शीळफाट्याला ट्रकांची रांग लागली होती. साटम खुशीत स्टिअरिंगवर ताल धरत होता. "मानलं तुम्हाला, सर. विसरलीच की ती!"

नाखरे दाराला चिकटून बसले. साटम गुन्हेगार आहे हे त्यांना आता पक्कं ठाऊक होतं. गोदामाचा कोपरा, फरशीचा गारवा, सगळं ठाऊक होतं. त्यांना भीती वाटत होती, भयंकर भीती. सांगणार कुणाला? तुम्ही तिथे होता का, हे कुणीही विचारलं असतं.

साटमने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बोटांचा ताल थांबला.

"एवढं अंग चोरून का बसलाय?"

नाखऱ्यांनी पाय सीटखाली ओढून घेतले.

पुढचा ट्रक हलला. साटमने डोंबिवलीचा रस्ता सोडला आणि गाडी उलटी फिरवली.

"कारखान्यावर जाऊन येऊ जरा," तो मऊ आवाजात म्हणाला. "आज सुट्टी दिलीये सगळ्यांना."

"बरं," नाखरे म्हणाले.