बुजवलेली गल्ली

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण माझ्या मेनेगाची शपथ घेऊन सांगतो, हे घडलंय. इथंच, व्हेनिसमध्ये, संत मार्टिनच्या सणाच्या दुपारी.

माझा थोरला भाऊ गास्पारो शहराची चित्रं काढायचा. चौक, कालवे, घरं... अगदी खिडकीच्या बिजागरीसकट. इंग्रज पाहुणे ती हौसेनं विकत न्यायचे. मी त्याचे रंग खलायचो.

त्या दुपारी धुकं होतं. माझी बायको मेनेगा आमचं जेवण घेऊन वर, चौकाकडे खिडकी असलेल्या दादाच्या चित्रांच्या खोलीत आली. मक्याच्या पिठाचा घट्ट पोलेंटा आणि तळलेले मासे. चित्र बघून ती थबकली.

"भावजी, आमची गल्ली कुठं गेली हो?"

चौकातून आमच्या घराकडे एक चिंचोळी गल्ली जाते. दादा तिच्या जागी चक्क भिंत रंगवत होता.

"गिऱ्हाइकाला घरांची सरळ रांग आवडते. ही मेली मध्येच वाकडी दिसते," दादा म्हणाला. "चित्रात नाही म्हणून खरी कुठं पळून जातेय? जा तू घरी."

ती गेली. खिडकीतून मी तिला गल्लीत शिरताना पाहिलं. इकडे दादानं भिंतीवर शेवटचा हात फिरवला.

आणि तिच्या लाकडी चपलांचा आवाज... थांबला.

मग पुन्हा सुरू झाला. परत येत होता. भरभर. अगदी गल्लीच्या तोंडाशी आला... आणि पुन्हा मागं गेला.

चौकात मात्र कुणीच बाहेर आलं नाही.

मी धावत खाली गेलो. गल्ली नव्हतीच. तिथं भिंत होती. हात लावला तर... ओली. बोटांना जवसाच्या तेलाचा वास आला.

"अहो..." आतून मेनेगाचा आवाज आला. "दोन्हीकडून बंद झालंय हो. मला बाहेर काढा."

मी वर पळालो आणि रंग खरवडायची सुरी उचलली. दादानं माझं मनगट धरलं. गिऱ्हाईक येतच असेल, वेड लागलं का, असं काहीबाही बोलत होता.

"दादा, आत माझी बायको आहे."

त्यानं खिडकीतून खाली पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. सुरी त्यानंच घेतली आणि चित्रातली भिंत पार कापडापर्यंत खरवडून काढली.

आम्ही खाली पोचलो तेव्हा मेनेगा गल्लीतून बाहेर येत होती. नखं तुटलेली होती. मी तिला घट्ट धरलं. मला रडू आवरेना. दादा तिची माफी मागत होता, पण तिचं लक्षच नव्हतं. ती मागं वळून बघत होती.

"भावजी, बाकीच्यांनाही काढा ना," ती म्हणाली. "खूप जण आहेत आत."

दादा मटकन खाली बसला.

आजवर चित्रांत किती गल्ल्या बुजवल्या, त्यालाच आठवत नाही. ती सगळी चित्रं समुद्रापार गेलीत. त्यांचा रंग केव्हाच वाळलाय.

मी अजूनही कुठल्याच भिंतीला टेकून बसत नाही.