शोषखड्ड्यातला कोनाडा

जेसीबीवाल्यांना मोठं काम आवडतं. शेततळं असलं की पहिल्या रिंगला फोन उचलतात. परसात सहा बाय सहाचा शोषखड्डा म्हटलं की आवाजच बदलतो. "बघू बाई, तिकडं आलो की करतो," असं मला तिघांनी सांगितलं. त्यातला एक येऊन बोळ बघून गेला, मशीन वळणार नाही म्हणाला आणि चहा पिऊन गेला तो गेलाच.

मे महिना होता. मी बोरीत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा उघडायच्या आत मला आप्पांच्या खोलीला लागून कमोडचा संडास बांधून हवा होता. आप्पा म्हणजे माझे वडील, बसवंतराव. सात वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. जुना संडास परसाच्या पार टोकाला. दिवसातून चार-पाच वेळा त्यांना तिथवर धरून न्यायचं, बसवायचं, धुवायचं, परत आणायचं. ते सहा फुटाला दोन इंच कमी, मी पाच फूट एक. माझ्या कमरेतले दोन मणके सरकलेत. डॉक्टर म्हणतात, वजन उचलू नका. मी बरं म्हणते. पुण्याचा भाऊ, शिवप्रकाश, फोनवर विचारतो, "ताई, माणूस का ठेवत नाहीस?" माणूस टिकत नाही हे त्याला सांगून सांगून मी हात टेकलेत.

चौथा लिंबाजी. मशीन त्याचंच आणि चालवणाराही तोच. आल्या आल्या त्यानं विचारलं, पाण्याची लाइन कुठून गेलीय, पाया किती खोल हाय, निघालेली माती कुठं टाकायची. इतकं नीट मला बऱ्याच दिवसांत कुणी काही विचारलं नव्हतं. मागचं पत्र्याचं कुंपण काढून त्यानं मशीन आत घेतलं आणि दोन तासांत खड्डा करून दिला. वर काळी माती, मग चुनखडी, सात फुटांवर मुरूम. चारी भिंती सरळ. त्यांच्यावर बकेटच्या दातांचे उभे ओरखडे.

"गवंडी कधी यायलाय?" त्यानं विचारलं.

"उद्या."

"उद्याच बांधून घ्या बाई. काळी माती उघडी ठिवू नये. ढासळती."

गवंड्याच्या साडूकडं लग्न निघालं. तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांना परत आणताना मी खड्ड्यात डोकावले. घराच्या बाजूच्या भिंतीत, तळापासून वीतभर वर, घमेलं मावेल एवढा खळगा पडला होता. ढासळली असेल, म्हणून मी पुढं गेले. आप्पांना खाटेवर टेकवलं, पाठीशी उशी दिली, भरवायला बसले. दोन घास झाल्यावर माझा हात थांबला. ढासळली असेल तर माती खाली पडायला हवी होती. तळ तर झाडून काढल्यासारखा साफ होता.

मी पुन्हा जाऊन बघितलं. साफच होता.

आमच्यात पूजेला गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतात आणि उजव्या हातानं पूजा करतात. आप्पांचा उजवा हात गेल्यापासून ते लिंग धरायचे, विभूती मी लावायचे, बेल मी वाहायचे. त्या दिवशी मी बेलाचं पान उचलणार तेवढ्यात त्यांची उजवी बोटं हलली. पान पकडता आलं नाही, पण हलली. मालिशवाल्यानं सांगितलं होतं, कधीतरी हलतील. मी त्याला फोन करून कळवलंसुद्धा.

तिसऱ्या दिवशी खळग्याचा कोनाडा झाला होता. खालून सपाट, वरून गोलाकार. मी शिडी लावून खाली उतरले. बाकी सगळ्या भिंतीवर बकेटचे ओरखडे होते. कोनाड्यात एकही नव्हता. आतली माती तळव्यानं लिंपावी तशी गुळगुळीत होती आणि तळाला या खेपेलाही एक ढेकूळ पडलेलं नव्हतं.

तो आकार मी ओळखला. आमच्यात जाळत नाहीत. माणसाला मांडी घालून बसवतात, खड्ड्याच्या भिंतीत कोरलेल्या कोनाड्यात. माझी आई, गौराबाई, गेली तेव्हा भावकीतल्या चौघांनी शेतात कुदळीनं तसा कोनाडा काढला होता. त्याला अर्धा दिवस लागला आणि माती केवढीतरी निघाली होती.

मी लिंबाजीला बोलावून घेतलं. त्यानं काठावर उकिडवा बसून आत वाकून बघितलं.

"बाई, हे मी काढलेलं न्हाई."

"मग कुणी काढलं?"

"माझ्या मशीनला असं येतच न्हाई. बुजवू का? दुसरीकडं करून देतो, पैसे नगं."

"दुसरीकडं जागा कुठाय? खोलीला लागून एवढीच आहे."

"मग पाया सोडून दोन फूट अजून रुंद करू. ही भिंतच खरवडून काढतो, म्हंजे मिटलं." तो उठला, पण खड्ड्याकडं पाठ करून नव्हे. "उद्या दुपारी येतो. उतरू नगा तवर खाली."

मी घरात आले. आप्पांनी स्वतःच्या हातानं पूजा आटोपलेली होती. विभूतीची तीन बोटं कपाळावर नीट उठली होती, बेल वाहिलेला होता, आणि उजवा हात मांडीवर पालथा ठेवून ते खिडकीतून खड्ड्याकडं बघत होते. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही. मी त्यांच्या पायाशी बसून रडले. मग उठायला गेले तर उठवेना. खाटेचा पाय धरून उठले. इतकी मी आयुष्यात कधी दमले नव्हते.

रात्रभर एकच विचार. आप्पा जाणार. दिवा विझण्याआधी मोठा होतो तसंच हे, आणि कोनाडा त्यांच्यासाठी आहे. जे पुढं वाटलं ते सांगायची लाज वाटते, पण वाटलं. सुटतील, असं वाटलं. आणि मग, सुटेन.

सकाळी आप्पा म्हणाले, "महेश्वरी."

अख्खं नाव. एकही अक्षर न अडखळता.

"काय आप्पा?"

त्यांनी फक्त माझ्याकडं पाहिलं. खूप मायेनं पाहिलं.

दुपारी लिंबाजी मशीन घेऊन आला. ऊन डोक्यावर होतं, म्हणून आधी लिंबाखाली बसून भाकरी खाऊन घेतो म्हणाला. मी शाळेतला टेप घेतला. भिंत खरवडायच्या आत मला एकदा माप घ्यायचं होतं. माप कळलं की मनातलं भूत जातं, असं मी पोरांना नेहमी सांगते.

आप्पा खाटेवर बसतात तिथं मागच्या भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग पडलाय. आधी तो मोजला. खाटेपासून तीन फूट एक इंच.

मग शिडीनं खाली उतरले आणि कोनाड्याची उंची मोजली. दोन फूट नऊ इंच.

पुन्हा मोजली. तेवढीच.

आप्पा यात मावणार नाहीत. मान मोडून बसवलं तरी मावणार नाहीत. मी मोठा श्वास घेतला. म्हणजे हा त्यांचा नाही.

वर बेचाळीस डिग्री ऊन होतं. खाली गारवा होता. रांजणाला टेकावं तसा. टेप गुंडाळायला म्हणून मी कोनाड्याच्या कडेवर टेकले. मग पाठ मागं लावली. मग पाय वर घेतले, मांडी घातली.

कंबर जिथं दुखते तिथं मातीला बरोबर तेवढा फुगवटा होता. दोन्ही खांदे कडांना लागले. डोकं वर अलगद टेकलं.

दुखणं थांबलं.

सात वर्षांत पहिल्यांदा कुठंच काही दुखत नव्हतं. मी डोळे मिटले. पाच मिनिटं, म्हटलं.

वर पावलं वाजली. अनवाणी. डावं, उजवं, डावं, उजवं. दोन्ही सारखी पडत होती.

शिडी हलली. मग सावकाश वर गेली.

हाक मारावी असं मनात आलं. तोंड उघडायचा कंटाळा आला.

"मालक!" लिंबाजीचा आवाज. "आवो, तुमी चालायलाव? कवापासून?"

शिडी जमिनीवर आडवी ठेवल्याचा आवाज आला.

"बाई कुठं हायेत?"

"झोपली हाय." आप्पांचा आवाज. पूर्वीसारखा, भरदार. "लय दमली व्हती पोरगी."

"बरं. मग भिंत खरवडू का?"

"नगं. बुजवून टाक. मला आता संडास कशाला पायजे?"

मशीन सुरू झालं. कोनाड्यातली माती माझ्या पाठीशी बारीक थरथरली.

"हळू लोट," आप्पा म्हणाले. "जागी व्हईल."