बॅगा दाराबाहेर ठेवल्या त्या रात्री

राहू दे तो दिवा, डास येतात. आणि भुताची गोष्ट हवी म्हणता, मग उजेड कशाला? आधीच सांगतो, ही ऐकीव नाही. आमच्या औषधाच्या दुकानाशेजारी कपडे शिवणाऱ्या बाई आहेत ना, त्यांच्या बाबतीत घडलेली आहे. त्यांनीच मला सांगितली, आणि शेवटाला तर मी स्वतः हजर होतो. बाई काही थापा मारणाऱ्यातल्या नाहीत. थापा मारायला मोकळा वेळ लागतो, आणि तो त्यांना जन्मात मिळाला नाही.

बाई एकट्या. पुढे दुकान, मागे एक खोली, तोच संसार. वरच्या मजल्यावर त्यांची थोरली बहीण आणि भाऊजी. तेही आपले नावालाच वर. निवृत्त झाले आणि दोघांना जहाजाचं वेड लागलं. एकातून उतरायचं, दुसऱ्यात चढायचं. वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर! "अगं, घर चालवण्यापेक्षा बरं," थोरली म्हणायची. "अंथरूण घालायला नको, भांडी घासायला नकोत." हे सांगायची कुणाला, तर जी रात्री दहापर्यंत मशीनवर वाकलेली असायची, तिला!

वरच्या घराची किल्ली बाईंकडे. आठवड्यातून एकदा जायचं, खिडक्या उघडायच्या, नळ सोडायचे, कुंड्यांना पाणी घालायचं. त्या बदल्यात थोरली काय आणायची? जहाजावरच्या न्हाणीघरातल्या साबणाच्या चिमुकल्या वड्या.

हसताय काय रे! बाई जळायच्या. मला सरळ म्हणाल्या होत्या, "परकं कुणी गेलं असतं तर मला काही वाटलं नसतं हो. पण आम्ही पाठोपाठच्या बहिणी. तिनेच का?" लहानपणी नवे कपडे थोरलीला आणि तिने वापरून उतरवलेले हिला. ते मनातून कधी गेलंच नाही.

तर गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. दुकानात गिऱ्हाइकांची रीघ, त्यामुळे बाईंना वर जायला रात्रीचे साडेअकरा झाले. संध्याकाळी थोरलीचा फोन येऊन गेला होता. "उद्या सकाळी हे जहाज सोडायचं गं. बॅगा रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या, नोकर येऊन नेतात. आपण बोटसुद्धा लावायचं नाही! मागच्या खेपेला एका म्हाताऱ्याने झाडून सगळे कपडे बॅगेत भरले. बॅग गेली, आणि सकाळी स्वारी झोपायच्या पायजम्यावर खाली उतरली. हसून हसून मेलो आम्ही!"

बाई हसल्या नाहीत. गिऱ्हाईक आलंय म्हणाल्या आणि फोन ठेवला.

वर गेल्यावर त्यांनी आतून कडी घातली. खिडक्या उघडल्या, नळ सोडले, कुंड्यांना पाणी घातलं. आणि मग, काम नव्हतं तरी, कपाट उघडलं. आत निळा रेशमी ड्रेस. कप्तानाच्या टेबलावर जेवायचंय म्हणून थोरलीने तो बाईंकडूनच शिवून घेतला होता. बाईंनी रात्री जागून शिवला, थोरलीने दोनदा मिरवला आणि "आता जुना वाटतो" म्हणून घरी टाकून गेली. बाईंनी अंगातला ठिगळाचा झगा काढून खुर्चीवर टाकला. निळा ड्रेस चढवला. कंबरेत बसला. खांद्यात बसला. आरशात बघून स्वतःशीच म्हणाल्या, "मला काय वाईट दिसतो गं?"

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

इतक्या रात्री कोण? आणि जिन्यावर पाऊल वाजलं नव्हतं. आमचा जिना लाकडी, मांजर चढलं तरी कळतं.

"धाकटे... मी आहे."

थोरलीचा आवाज.

बाईंनी झटकन ड्रेसच्या बटणांना हात घातला. भुताच्या भीतीने नाही हं, चोरी पकडली गेली म्हणून. दाराच्या भिंगातून त्यांनी पाहिलं. थोरलीच होती. अंगात झोपायचा पांढरा गाऊन. अनवाणी. मान खाली.

"अशी अचानक कशी आलीस? भाऊजी कुठेत?"

"झोपलेत ते." मग गाऊन अंगाशी ओढत, "बॅग गेली गं. सगळे कपडे बॅगेत गेले. आणि आता उतरायचंय... लोक बघतील. मला काहीतरी दे ना अंगावर घालायला."

काय म्हणालास? उघडलं का दार? कसं उघडणार! अंगात तिचाच ड्रेस. आणि खरं सांगू? बाईंना द्यायचा नव्हता. जन्मभर हिने तिचं उतरलेलं घातलं. आज ती मागतेय. मागू दे.

बाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "तुझ्या लायकीचं माझ्याकडे काय असणार? जा तशीच."



"धाकटे... थंडी वाजते."

"जा म्हटलं ना!"

...

पाऊल नाही. श्वास नाही. जिना वाजला नाही.

किती वेळ गेला, देव जाणे. मग फोन वाजला. भाऊजी.  "तुझी ताई गेली गं... झोपेतच. हात लावला तर... गार पडली होती."

बाईंनी कडी काढली. जिना रिकामा. "ताई! अगं घे, निळा घे! ये ना गं, घेऊन जा!" मी खाली दुकानामागेच निजतो, त्या हाकांनी जागा झालो. धावत वर गेलो, तर बाई उंबऱ्यात बसलेल्या. ड्रेसची बटणं सोडत होत्या. एकही सुटत नव्हतं.

त्यांना धरून आत आणलं. अंगावर काहीतरी घ्या म्हटलं, तर म्हणाल्या, झगा खुर्चीवर आहे. तो द्यायला मी वळलो.

झगा नव्हता.

तिथे झोपायचा पांढरा गाऊन होता. नीट घडी घातलेला.  बाई हळूच म्हणाल्या, "माझा जुना नेला हो तिने... चांगला मला ठेवला."

मी गाऊन उचलला. या हाताने. खिडक्या सताड उघड्या, खोलीत मरणाचा गारठा...

गाऊन गरम होता.