चौकडीतली पाचवी

ती जिना उतरून आत आली, तेव्हा कात्री तिच्या मावशीच्या खांद्यापर्यंत पोचली होती.

दुपारची वेळ. तळघरातल्या त्या जॅझ क्लबात खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या टाकलेल्या होत्या. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. ती आली होती सॅक्सोफोन पोचवायला. वाद्यदुरुस्तीचं तिचं छोटं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. बाहेर भुरभुर पाऊस, केस भिजलेले, पेटी छातीशी धरलेली. एक उंच तरुण दिव्याखाली वाकून एक भलामोठा फोटो कापत होता. तिनं सहज नजर टाकली मात्र, तळपायाची आग मस्तकात गेली.

"थांबा! खाली ठेवा ती कात्री!"

तो इतका दचकला की कात्री ठेवायच्याऐवजी सोडूनच दिली. "अहो... काय झालं? आग लागली का कुठं?"

"लागेल आता. कोणाला कापताय, कळतंय का?"

त्यानं चष्मा वर सारला. "ही बाई? अहो, क्लबला पन्नास वर्षं होताहेत. त्याचं प्रदर्शन आहे, इतिहास मी लिहितोय. हा मूळ बँडचा फोटो. बँडचं नाव 'चौकडी', फ्रेम चौघांचीच. ही कडेची कोण ते कोणाला माहीत नाही. मालक म्हणाले, कोणी पाहुणी असेल."

"पाहुणी पियानो वाजवते?"

त्यानं फोटोकडे बघितलं. खरंच की... बाईचे दोन्ही हात पट्ट्यांवर होते. ओठ घट्ट मिटलेले, नजर ड्रमवाल्यावर. जणू 'चुकलास तर बघ' म्हणत होती.

"इतिहास लिहिताय की हजामत करताय?" ती म्हणाली. पेटी टेबलावर आदळली आणि पाठ फिरवून जिना चढून गेली. वर पोचल्यावर तिला आठवलं, की सॅक्सोफोन असा कधी आदळायचा नसतो. मग तिला स्वतःचाही राग आला.

राग तिच्या नाकावरच असे. घरात तिला 'तोफ' म्हणत. घर म्हणजे तरी कोण? ती आणि मावशी. आई लहानपणीच गेली, मावशीनंच वाढवलं, आणि वाढवताना हा एक गुणही पदरात घातला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच तो बाहेर उभा होता. छत्री होती, पण ती त्यानं फोटोच्या गुंडाळीवर धरली होती. स्वतः चिंब.

"कापला नाही," तो म्हणाला. "कडेला एक चीर गेलीय, ती मागून चिकटवलीय. नाव सांगाल का त्यांचं?"

"का? फ्रेमवर जागा झाली?"

"जागा करतो."

"काल तर पाहुणी होती."

"काल मी गाढव होतो."

"आज?"

"आज... भिजलेलं गाढव."

तिला हसू आलं. तिनं ते दाताखाली दाबून टाकलं, आणि त्याच्या हातात एक क्लॅरिनेट कोंबलं. "धरा हे. हलवू नका. इथली ही झडप नीट बसत नाही, मला दोन्ही हात लागतात."

त्यानं धरलं. ती वाकून स्क्रू पिळू लागली. त्याच्या बाहीतून पावसाचं पाणी ठिबकत होतं आणि तो श्वास रोखून उभा होता. एकदा तिची बोटं त्याच्या बोटांना लागली. दोघंही एकदम म्हणाले, "सॉरी—"

"श्वास घ्या," ती म्हणाली. "क्लॅरिनेट आहे, बाँब नाही."

"क्लॅरिनेटला नाही घाबरत मी," तो म्हणाला.

रविवारी तिनं त्याला घरी नेलं. मावशीला आनंद होईल असं तिला वाटलं होतं. मावशीनं दार उघडलं, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "इतिहास? मी मेले की लिही. आत्ता मला वेळ नाहीये."

"मावशी, अगं—"

"तू गप्प बस, तोफ. चहा टाक."

चहा झाला, बिस्किटं झाली. तो काहीच विचारेना. नुसता कोपऱ्यातल्या पियानोकडे बघत राहिला, आणि मग म्हणाला, "हा इथं आहे. मग क्लबात आहे तो कोणाचा?"

मावशीचा कप बशीवर टणकन वाजला. "माझाच! तोही माझाच! त्या उंदरांच्या बिळात तो मी उतरवलाय. दोर बांधून, त्या जिन्यावरून! उतरवताना एक पाय मोडला त्याचा. अजून बघ, मागचा डावा पाय वेगळ्या लाकडाचा आहे."

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, तसं झालं. मावशीनं सांगितलं ते असं. क्लबच्या जागी आधी टायरचं गोदाम होतं. मावशी तेव्हा विशीतली, श्रीमंतांच्या पोरांना पियानो शिकवायची, आणि संध्याकाळी घरी एकटीच जॅझ वाजवत बसायची. आत्ताच्या मालकाचे वडील म्हणजे गोदामाचे मालक. त्यांच्या मागं लागून तिनं रविवारची संध्याकाळ मागून घेतली. पोलीस बँडातला सॅक्सोफोनवाला तिनं शोधला. कारखान्यात रात्रपाळी करणारा ड्रमवाला तिनं शोधला. बाकीचे दोघं त्यांच्या मागून आले. टायरचा वास जायला वर्ष लागलं, पण तोवर जिन्यावर पाय ठेवायला जागा उरत नव्हती.

"आणि नाव काय ठेवलं मालकानं? चौकडी! पाच माणसं, नाव चौकडी! मी म्हटलं, अहो, मोजता येतं का? तर म्हणतो, 'बाईसाहेब, तुम्ही तर घरच्याच.'" मावशी हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "घरची, म्हणून बोर्डावर नाव नाही. घरची, म्हणून फोटोत कडेला. मग रेडिओवाल्यांचं बोलावणं आलं, तेव्हा पियानोवर दुसराच एक बसवला. सूटबूटवाला. मी त्या दिवशी उठले ती उठलेच."

"आणि बाकीचे चौघं?" त्यानं विचारलं.

"मूग गिळून बसले."

मावशीनं खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यानं उठून तिघांचे कप विसळून ठेवले. तो निघून गेल्यावर मावशी म्हणाली, "येऊ दे त्याला पुन्हा. कप नीट विसळतो."

मग तो येतच राहिला. मावशी सांगायची, तो ऐकायचा. निघताना तोफ त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला जायची, आणि कोपरा आला की दोघांना काहीतरी राहिलेलं आठवायचं. ते बोलून होईपर्यंत पुढचा कोपरा यायचा. पाऊस असला की एक छत्री. छत्री एक म्हणून खांदे जवळ. तिसऱ्या की चौथ्या रविवारी 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"तू नेहमी अशीच चिडलेली असतेस?"

"नाही. झोपेत बरी असते."

"मग मला एकदा..." तो बोलता बोलता कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे, तसं नाही—"

"तसंच होतं," ती म्हणाली, आणि भरभर पुढं चालू लागली. हसू लपवायला दुसरा उपाय नव्हता.

प्रदर्शनाला दोन दिवस राहिले असताना तो दुकानात आला. बसला नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. मालकानं मावशींचा मजकूर काढायला लावला. त्याच्या वडिलांनीच क्लब उभा केला, असंच राहणार म्हणतो. खूप भांडलो. शेवटी एक ओळ ठेवायला तयार झाला तो."

"कोणती ओळ?"

तो चष्मा काढून पुसू लागला.

"कोणती?"

"'सुरुवातीच्या काळात काही हौशी महिला कलाकारांनीही हजेरी लावली.'" त्याचा आवाज खाली गेला. "मला वाटलं... काहीच नसण्यापेक्षा..."

"हौशी." तिनं हातातला पाना खाली ठेवला. "हजेरी लावली. शाळा होती का ती? आणि तू हो म्हणालास?"

"पुढं कधीतरी पूर्ण लिहिता येईल, असं—"

"पन्नास वर्षं हेच ऐकतेय ती! 'पुढं कधीतरी'! अरे, ती चौघं मूग गिळून बसली, तू तर वर पानही खाल्लंस!" तिचा आवाज फाटला. "त्या मालकाचं काही वाटत नाही मला. आयत्या बिळावर नागोबा, त्याच्याकडून काय अपेक्षा? पण तू तिच्या घरात बसून, तिचा चहा पिऊन... जा. निघा तुम्ही इथून."

'तुम्ही' ऐकून त्यानं मान वर केली. एखाद्याच्या तोंडावर दार लावावं, तसा तो शब्द होता. तो निघून गेला. तिनं त्या दिवशी एका ट्रम्पेटला इतक्या जोरात पॉलिश केलं, की गिऱ्हाईकाला वाटलं नवंच दिलं.

प्रदर्शनाच्या संध्याकाळी ती दुकान बंद करत होती. पोलीस बँडातला तो सॅक्सोफोनवाला, आता पांढऱ्या भुवयांचा म्हातारा, कधी नव्हे तो धापा टाकत आला.

"काका, तुम्ही इथं? तुमचा कार्यक्रम ना आज?"

"अगं, तुझा तो इतिहासवाला..."

"माझा कोणी नाही तो."

"बरं, नसू दे. कोणाचाही असो. त्यानं सकाळी मालकाला सगळा मजकूर परत केला, काम सोडलं, आणि आता क्लबच्या दारात फुटपाथवर उभा राहून बोंबलतोय. रांगेतल्या लोकांना सगळं सांगतोय. घसा बसलाय पोराचा. जा, बघ."

ती निघाली. भांडायलाच निघाली, असं तिनं स्वतःला बजावलं.

क्लबच्या दारात रांग होती. छत्र्या, अत्तराचे वास, चकचकीत बूट. आणि रांगेच्या बाजूला एका लाकडी खोक्यावर तो उभा होता. शर्ट अंगाला चिकटलेला, आवाज चिरकलेला.

"...तर पियानो या जिन्यावरून दोरांनी उतरवला! त्याचा पुढचा डावा पाय मोडला, आणि—"

"मागचा!" ती गर्दीतून ओरडली.

सगळी रांग वळली. तोही.

"मागचा डावा पाय," ती पुढं होत म्हणाली. "सांगायचं तर नीट सांगा."

"मागचा डावा," तो म्हणाला. "आणि मग तिनं फॅक्टरीतून ड्रमवाला आणला—"

"आधी पोलीस बँडातला सॅक्सोफोनवाला! ड्रमवाला नंतर! किती वेळा सांगितलं तिनं? कान होते का जागेवर?"

"कान होते. लक्ष दुसरीकडं होतं."

रांगेत कोणीतरी हसलं. एका जाड बाईंनी विचारलं, "अहो, पण या तुमच्या कोण?"

तो क्षणभर थांबला. पाणी चष्म्यावरून ओघळत होतं, पुसायचंही त्याला सुचलं नाही. "हिच्यावर माझं प्रेम आहे," तो सरळ म्हणाला. "पण सध्या ती माझ्याशी बोलत नाहीये. चूक माझी आहे."

तिचे कान पेटले. रागानं की कशानं, तिला ठरवता येईना. "पुढं सांगा," ती कशीबशी म्हणाली. "'चौकडी'चं सांगायचं राहिलंय." मग त्यानं सांगायचं, तिनं दुरुस्त करायचं, त्यानं हट्टानं अडून बसायचं आणि तिनं हात नाचवत पुढचं ओढून घ्यायचं, अशी ती गोष्ट पुरी झाली. खाली उतरायचं सोडून लोक गोल करून उभे राहिले.

मालक वर आला. चेहरा टोमॅटोसारखा. "हे काय चालवलंय? पोलीस बोलावीन! आणि काका, तुम्ही इथं काय करताय? पाच मिनिटांत सुरू करायचंय."

काका दाराशी उभे होते. त्यांनी गळ्यातला पट्टा सोडवून सॅक्सोफोन काखेत धरला. "ती दोघं खरं बोलताहेत," ते म्हणाले. "तिला येऊ दे, मग वाजवतो."

मालकानं आ वासला, पण रांगेतून टाळ्या पडल्या आणि त्याचे शब्द त्यात बुडाले.

दोघं धावतच घरी पोचली. मावशीनं सगळं ऐकून घेतलं. आणि मग अशी भडकली, की तोफही दोन पावलं मागं सरली.

"रस्त्यावर? माझी गोष्ट रस्त्यावर सांगितलीत, आणि मला विचारलंही नाहीत? आणि तो म्हातारा आता पेटलाय होय, पन्नास वर्षांनी! थांब, बघतेच त्याला. माझे बूट कुठं आहेत?"

"मावशी, पाऊस आहे—"

"मग छत्री आण!"

छत्री मावशीनं घेतली. ती पुढं ताडताड चालली, सगळ्या चौकडीचा उद्धार करत. मागं ही दोघं, उघड्यावर, भिजत.

"ती ओळ मान्य करायला नको होती मी," तो म्हणाला. "घाबरलो होतो."

"माहीत आहे."

"अजून रागावली आहेस?"

"खूप." ती थांबली. त्याचा चष्मा काढून तिनं ओढणीच्या कोरड्या टोकानं पुसला, आणि पुन्हा नीट त्याच्या नाकावर बसवला. "आयुष्यभर रागावणार आहे. चालेल तुला?"

'तुला' ऐकून तो हसला, मग त्याचे डोळे भरून आले. "चालेल," तो म्हणाला. "पण... रोज?"

"रोज."

तिनं त्याचा हात धरला. पुढून मावशी ओरडली, "प्रेम नंतर करा, आधी चला! माझी वाट बघताहेत तिथं!"

ती दोघं हात न सोडता धावत सुटली.