शिडावरचं इंजिन

"शीड असं ताठ हवं!" पर्सीने काठीला बांधलेलं निळसर, चकचकीत कापड मिरवलं. सुट्टीमुळे रेल्वे कारखान्याचा भोंगा बंद होता आणि कालव्यात तराफा सोडायचा बेत आज तडीस न्यायचाच होता.

त्याच्या बहिणीने, हिल्डाने, शीड हातात घेतलं आणि तिचा चेहराच बदलला. "हे कुठून उचललंस?"

"उचललं नाही, मागितलं. पॉम्फ्रेटकाकूंकडे ढीग पडलाय. कारखान्याच्या नव्या साहेबांनी कपाटं साफ केली आणि इंजिनांचे कापडावर काढलेले जुने नकाशे चर्चच्या जत्रेला देऊन टाकले. काकू ते उकळून रुमाल शिवणार आहेत."

त्यात नवल नव्हतं. नकाशाचं कापड उकळलं की खळ आणि शाई निघून तलम सुती कापड उरतं. गावात निम्म्या खिशांत तसलेच रुमाल होते. पण या तुकड्यावर इंजिनाची केबिन होती आणि केबिनमध्ये कोळसा लोटणाऱ्या फायरमनला पाठ टेकायला घडीची बैठक.

"गाढवा, हे आजोबांचं इंजिन आहे," हिल्डा म्हणाली.

ॲम्ब्रोज आजोबांनी ते तरुणपणी रेखाटलं होतं. मग लढाई आली आणि इंजिन कापडावरच राहिलं. गेल्या आठवड्यात ते कारखान्यात नकाशा मागायला गेले, तर "रद्दीत गेला" एवढं ऐकून परत आले. तेव्हापासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

दोघं धावत सुटली. वाटेत पर्सीने घरच्या दोरीवरची चादर ओढली आणि शेजारच्या नॉर्मनला बरोबर घेतलं. नॉर्मनला गोड बोलून कुणालाही गुंडाळता येई.

काकूंच्या परसात हंड्याखाली जाळ धडधडत होता.

"काकू, एवढा एक नकाशा द्या ना," हिल्डा म्हणाली.

"एक तुकडा दिला, तो पुरे. रुमाल कमी पडले तर लोकांनी काय बाहीला नाक पुसायचं?"

"बरोबर आहे काकूंचं," नॉर्मन गंभीरपणे म्हणाला. "त्यात आणि तुमच्या बक्षीस मिळवलेल्या गुलाबांवर मावा पडलाय."

"माझ्या गुलाबांवर?" काकू तडक पुढच्या अंगणात गेल्या.

हिल्डाने ढीग उपसला. कोपरा कापलेली गुंडाळी सापडली! पर्सीने तिच्या जागी चादर कोंबली आणि तिघांनी कुंपणावरून उड्या टाकल्या.

स्वयंपाकघराच्या टेबलावर नकाशा उलगडला आणि कापलेला कोपरा नीट जुळला. आजोबा नुसता चष्मा पुसत राहिले. तेवढ्यात दार वाजलं. काकू हातात ओली चादर घेऊन उभ्या होत्या आणि मागे काठी टेकत त्यांचे यजमान, आल्फीकाका.

"चोरट्यांनो, नकाशा उकळला तर त्यातून तुमच्या आईची भरतकामाची चादर कशी निघाली?"

काका मात्र टेबलाकडे गेले. जन्मभर त्यांनी इंजिनात उभ्याने कोळसा लोटला होता आणि त्यात गुडघे गमावले होते. त्यांनी बैठकीवर बोट ठेवलं. "ही कुणासाठी, ॲम्ब्रोज?"

"तुझ्यासाठीच रे. तेव्हा तू रोज माझ्या खिडकीखालून पाय ओढत घरी जायचास."

काका बराच वेळ बोट उचलेनात. काकूंनी एप्रनने डोळे पुसले आणि हिल्डाला जवळ ओढलं. "गुणाची गं माझी चोरटी," त्या म्हणाल्या.

मग आजोबांनी आपली खुर्ची टेबलाशी सरकवली. "इंजिन काही आता होत नाही, आल्फी," ते म्हणाले. "पण तू बस."